धाकट्याच्या खोलीतली शेगडी

धाकट्याने अखेर आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड घेतलंच. सेकंडहँड. आज बसवायला मला बोलावलं, आणि पहिला तास कम्प्युटरच्या कॅबिनेटशी झटापट करण्यातच गेला. कार्ड आत मावेचना. पुढचे पंखे काढले तेव्हा कुठे शिरलं. वजन एवढं, की खाली टेकू म्हणून सध्या आईच्या दोऱ्याचं रीळ लावलंय. (तिला सांगू नका.)

पण चालू झाल्यावर मात्र आमची बोलती बंद. गेममध्ये फोर-के (अगदी बारीक, स्पष्ट चित्र) आणि वर रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचा खराखुरा हिशेब) लावूनही कुठे अडखळणं नाही. आणि मेमरी २४ जीबी! ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधला माझा जड सीन निमूटपणे रेंडर झाला, तेव्हा खरा हेवा वाटला.

दुखणं विजेचं. एकटं कार्ड ४५० वॅटपर्यंत खातं, आणि ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. दुपारी तिथे बसवेना. पॉवर लिमिट (कार्डाची वीज खेचायची मर्यादा) ७० टक्क्यांवर आणली, तर गेममधल्या दर सेकंदाच्या फ्रेम्स थोड्याच घटल्या, पंख्यांचा आवाज मात्र बराच उतरला. कार्डाला वीज देणारा तो सोळा पिनांचा कनेक्टर पूर्ण आत बसलाय ना, हे टॉर्च लावून तीनदा पाहिलं. २०२२ मधले याच कार्डाच्या वितळलेल्या कनेक्टरांचे फोटो अजून डोळ्यांसमोर आहेत.

बाबांनी दारातूनच विचारलं, "लाइट बिल कोण भरणार?"

धाकट्याने हेडफोन चढवले.