आइसिकल क्रीकच्या काठी तीस जणांचा तळ : माझा अनुभव

सिॲटलच्या बाजूला राहणारी आम्ही काही मराठी कुटुंबं उन्हाळ्यात स्टीव्हन्स पास हा घाट ओलांडून लेव्हनवर्थला जातो आणि ओकानोगन-वेनाची राष्ट्रीय वनात, आइसिकल क्रीकच्या काठच्या ग्रुप साइटवर (मोठ्या गटासाठी राखलेल्या जागेवर) तंबू टाकतो. नावात क्रीक, म्हणजे ओढा, असलं तरी ही खळाळती डोंगरी नदी आहे. गटात लहान मुलं असतील तर आखणीला सुरुवात नदीपासून करायची, जेवण आणि तंबू नंतर.

पहिला प्रश्न तारखेचा. मेअखेर आणि जूनमध्ये वरचा बर्फ वितळत असतो, तेव्हा ही नदी भरलेली, बर्फासारखी गार आणि वेगवान असते. ऑगस्टमध्ये पाणी उतरतं, पण रान वाळतं आणि शेकोटीवर बंदी येण्याची शक्यता वाढते. शांत नदी आणि शेकोटी दोन्ही हवं म्हटलं तर जमत नाही. मुलं बरोबर असतील तर मी ऑगस्टच धरते. शेकोटीशिवाय रात्र जाते, फुगलेल्या नदीकाठी मात्र दिवसभर कुणाला निवांत बसता येत नाही.

बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर होतं. ग्रुप साइट साधारण 12 महिने आधी खुल्या होतात आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार लगेच संपतात. साइटची कमाल माणसं मोजताना तान्ही बाळंही धरायची. गाड्यांची मर्यादा वेगळी असते, ती वाचूनच कोण कुणाबरोबर येणार ते ठरवावं. रद्द करायचं असेल तर मुक्कामाच्या 14 दिवस आधीच करा, कारण नंतर रद्द करण्याच्या 10 डॉलर शुल्काखेरीज पहिल्या रात्रीचं भाडंही जातं. मंडळांसाठी आणखी एक गोष्ट : राष्ट्रीय वनात 75 किंवा त्याहून जास्त लोक जमवायचे असतील, तर वन विभागाचा परवाना लागतो. तो फुकट असतो, अर्ज किमान 72 तास आधी द्यावा लागतो. सहभागासाठी तिकीट लावलंत की कार्यक्रम व्यावसायिक ठरतो आणि नियम बदलतात.

निघण्याच्या आठवड्यात यूएसजीएसचा (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचा) नदीच्या पाण्याचा आलेख रोज बघावा. स्नो क्रीक हा ओढा येऊन मिळतो त्याच्या वरच्या अंगाला आइसिकलचं मोजमाप केंद्र आहे. आकड्यापेक्षा आलेखाचा आकार जास्त सांगतो. रोज करवतीसारखे दाते दिसत असतील तर वर बर्फ अजून वितळतो आहे. दुपारच्या उन्हात सुटलेलं पाणी खाली यायला काही तास लागतात, म्हणून सकाळी उघडे दिसणारे दगड संध्याकाळी किंवा रात्री बुडालेले असू शकतात. पोचल्यावर पाण्याच्या कडेला काठी रोवून ठेवावी, चढ-उतार सगळ्यांना दिसतो. मुलांनी सकाळी पाहिलेली 'उथळ' जागा संध्याकाळी तीच नसते, हे त्यांना काठीजवळ नेऊनच सांगावं.

वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे गुडघाभर पाण्यातही मोठ्या माणसाचा तोल जातो. सर्वांत वाईट म्हणजे पाण्यात आडवी पडलेली झाडं. पाणी फांद्यांतून निघून जातं, माणूस तिथेच दाबला जातो. म्हणून आधी मोठ्यांनी काठ चालून बघायचा, खालच्या अंगाला असं झाड असेल तर तिथे मुलांना उतरवायचंच नाही. काठावर पाळीपाळीने एक मोठा माणूस हवा, आणि त्या वेळात त्याच्याकडे दुसरं काम नको. 'सगळे आहेत की' म्हणजे कुणीच बघत नाही.

पाणी घरून न्यावं, कारण कॅम्पग्राउंडचा नळ चालू असेलच असं नाही. पिण्या-स्वयंपाकाला माणशी दिवसाला चार लिटर, म्हणजे तीस जणांना दोन दिवसांचं 240 लिटर. सात गॅलनचा कॅन साधारण 26 लिटरचा, असे दहा लागतात. भरलेला कॅन 26 किलोचा होतो, तेव्हा ते दोन-तीन गाड्यांत वाटून ठेवा. कमी पडलं तर नदीचं पाणी खळखळून एक मिनिट उकळावं. नितळ दिसलं तरी जिआर्डिया हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

छोट्या प्रोपेन डब्यांवर तीस जणांचे पोहे होत नाहीत. थंड सकाळी मोठी आच सतत ठेवली की डबा गार पडतो आणि आच मंदावते. 20 पौंडी सिलिंडर आणि एक दणकट बर्नर न्यावा. दुपारनंतर खोऱ्यात वारा सुटतो, तेव्हा आडोसा फक्त बर्नरला करायचा, सिलिंडर त्याच्या बाहेर. पोहे माणशी 100 ग्रॅम, म्हणजे तीन किलो, आणि कांदा घरीच चिरून न्यायचा. भांड्यांना तीन टब : साबणाचं गरम पाणी, साधं पाणी, आणि चार लिटरला एक छोटा चमचा ब्लीच घातलेलं पाणी. पोहे धुतलेलं पाणीसुद्धा चाळणीतून गाळायचं, खरकटं पिशवीत. सांडपाण्याची ठरलेली जागा नसेल तर ते नदीपासून 200 फूट लांब पसरून ओतायचं. नदीत भांडी धुणं नाही, साबण 'नैसर्गिक' असला तरीही. काळी अस्वलं या भागात आहेत, म्हणून फोडणीचं तेल, मसाल्याचे डबे, टूथपेस्टसुद्धा रात्री गाडीत बंद. तंबूत चकलीचा तुकडाही नको.

शेकोटीची स्थिती निघायच्या दिवशी वन विभागाच्या कार्यालयात फोन करून विचारावी. 1994 मध्ये याच खोऱ्यात मोठे वणवे लागले होते. बंदीत कोळशाची शेगडीही सहसा चालत नाही. गॅस बंद करायचा कॉक असलेली शेगडी बहुतेक वेळा चालते, तरी तेही विचारून घ्यावं. परवानगी असेल तर सरपण लेव्हनवर्थमध्येच घ्यावं, घरून नको, कारण लाकडाबरोबर कीड प्रवास करते. विझवताना पाणी, ढवळणं, पुन्हा पाणी, आणि शेवटी हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन बघणं. ऊब लागली तर अजून विझलेली नाही. खोऱ्यात मोबाइलला रेंजचा भरवसा नाही, म्हणून नकाशे आणि बुकिंगची पावती फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. बर्फ आणि पेट्रोलही गावातच.