मेलेल्याचं रक्त आमच्या मशीनमध्ये नको

पोलिसांच्या पत्रात प्रश्न एका ओळीचा होता: विषबाधा झाली आहे काय? पस्तिशीतला ऊसतोड मजूर, पहाटे कोपीत मृतावस्थेत सापडलेला. थोरल्या भावाचा संशय बायकोवर. "संध्याकाळपर्यंत ठणठणीत होता, डॉक्टरसाहेब." बायको सांगत होती, दोन दिवस अंगात ताप होता. तिचं ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत तिथे कुणी नव्हतं.

शवविच्छेदनात सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरून जीव घेणारा जंतुसंसर्ग, ओळखणं हा आमच्या विषयातला सर्वांत लंगडा भाग. फुप्फुसं जड आणि पाण्याने भरलेली, मेंदूला सूज, प्लीहा इतकी मऊ की सुरीच्या पात्याला चिकटून येते. पण जड फुप्फुसं विषबाधेतही दिसतात, आणि प्लीहा तर नुसतं कुजणं सुरू झालं तरी मऊ पडते. याखेरीज सापडली ती टाचेला उसाच्या बुडख्याची जखम, तीही वरून भरत आलेली. रक्ताचं कल्चर करावं, म्हणजे त्यातले जंतू वाढवून पाहावेत, तर मृत्यूनंतर आतड्यातले जंतू रक्तात उतरतात. तीन प्रकारचे जंतू एकत्र वाढल्याचा अहवाल कोर्टात कोण उभा करणार? व्हिसेऱ्याचा, म्हणजे विषतपासणीसाठी पाठवलेल्या अवयवांचा, अहवाल यायला महिने लागतात. गावाचा निकाल त्याआधीच लागतो.

म्हणून मी रक्तातलं प्रोकॅल्सिटोनिन नावाचं प्रथिन मोजायचं ठरवलं. निरोगी माणसाच्या रक्तात ते जवळजवळ नसतंच. जिवाणूंचा संसर्ग अंगभर पसरला की झपाट्याने चढतं, आणि मृत्यूनंतरही मोजण्याइतकं टिकतं. हॅम्बर्गच्या न्यायवैद्यक डॉक्टरांनी २००१ मध्येच ते छापलंय. आपल्याकडे अजून त्याला फॉर्मवर रकाना नाही.

रक्त मात्र कुठूनही घेऊन चालत नाही. छाती उघडल्यावर हृदयातून पळीभर उपसून घेणारे महाभाग मी पाहिलेत. मांडीच्या शिरेतून, शरीर उघडण्याआधी, कातडी नीट पुसून, जाड सुईने घ्यायचं. दट्ट्या हळू ओढायचा, नाहीतर उरल्यासुरल्या तांबड्या पेशीही फुटतात आणि सीरम लालभडक येतं. माझं फिकं गुलाबी आलं. शवागारातल्या मामांनी नळी उजेडात धरून "झ्याक" असा शेरा दिला. विभागात माझ्या कामाची एवढी कदर दुसरं कुणी करत नाही.

मग लॅब. "सर, मेलेल्याचं रक्त आमच्या मशीनमध्ये नको. आणि आयपीडी नंबर काय टाकू?" पहिली हरकत खुळी होती, दुसरी खरी. दाखल रुग्णाला मिळणाऱ्या या नंबराशिवाय संगणक पुढेच सरकत नाही, आणि मेलेल्या माणसाला तो देत नाहीत. शेवटी वरिष्ठांच्या तोंडी परवानगीवर 'संशोधन' या नावाखाली नमुना लागला.

प्रोकॅल्सिटोनिनचा आकडा ४२ आला, मिलीलिटरमागे नॅनोग्रॅममध्ये. वॉर्डात २ च्या वर गेलं तरी डॉक्टर सावध होतात, १० च्या पुढे धावपळ सुरू होते. मोठा अपघात, भाजणं, मोठी शस्त्रक्रिया यांतही ते वाढतं. इथे त्यातलं काही नव्हतं. मला जास्त महत्त्वाची वाटली ती वेळ. हे द्रव्य रक्तात दिसू लागायलाच काही तास लागतात, आणि चांगलं चढायला अर्धा-एक दिवस. म्हणजे संध्याकाळी तो ठणठणीत नव्हता. बायको खरं बोलत होती.

तरीही एवढ्यावर विष नव्हतंच असं लिहिता येत नाही. आजारी माणसालाही विष देता येतं, हे कुठलाही वकील पहिल्या पाच मिनिटांत विचारेल. मी 'मत राखून ठेवले. सेप्सिसची शक्यता प्रबळ' असं लिहिलं. तपास अधिकाऱ्याने 'राखून ठेवले'पर्यंत वाचलं आणि कागद घडी करून खिशात टाकला.

भावाला मी स्वतः समजावलं. ताप होता, तो रक्तात भिनला होता, रक्तातच दिसतंय, असं साध्या भाषेत. त्याने शांतपणे ऐकलं. मग बायकोकडे वळून म्हणाला, "ताप होता ना? मग दोन दिवस दवाखान्यात का नाही नेलास?"

ती म्हणाली, नेलं होतं. सुई दिली, गोळ्या दिल्या, उद्या कामावर जा म्हणाले.