गेलेल्यांनाही मोजायचं असतं

"मॅडम, एमडी झाल्यावर आणखी तीन वर्षं जेनेटिक्सला कशाला दिलीत? यातल्या बहुतेक आजारांना औषधच नाही." वॉर्डात नवे रेसिडेंट आले की कुणीतरी हे विचारतंच. तुम्ही विचारलंत म्हणून एका घराबद्दल सांगते.

आमच्या ओपीडीत स्टेथोस्कोपच्या आधी कागद-पेन्सिल लागते, घरातल्या सगळ्यांचा वंशवृक्ष काढायला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ, नात्यातलं लग्न असेल तर दोघांमध्ये दुहेरी रेघ. एकदा पाच महिन्यांचं बाळ आलं. डोळे लख्ख, माणूस जाईल तिकडे वळणारे. पण मान धरत नव्हतं, हातपाय ढिले, जिभेवर बारीक थरथर. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजे एसएमए, स्नायू दुबळे करत नेणारा आनुवंशिक आजार. "हे कितवं?" मी विचारलं. "पहिलंच," सासूबाई म्हणाल्या. दुसऱ्या भेटीत सूनच हळूच बोलली, "आधी एक होता. सात महिन्यांचा. न्यूमोनियानं गेला." "गेलेल्याला काय मोजायचं?" सासूबाई. मी चौकोन काढला, वर तिरकी रेघ मारली. आईनं त्या चौकोनावर बोट ठेवलं, ते बराच वेळ उचललं नाही.

ती नवऱ्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. म्हणजे सासू तिची आत्याच. तरी ग्रहणात काय चिरलंस, काय शिवलंस, हेच तिला दोन्ही वेळा ऐकावं लागलं होतं. कागदावर रेघा वर नेल्या तर त्या आत्याबाईंच्याच आईवडिलांपाशी मिळत होत्या. एका जनुकाची बिघडलेली प्रत बहुधा तिथूनच बहीण-भावात उतरली आणि पुढे या दोघांत. एक प्रत चांगली असेल तर माणूस ठणठणीत असतो. दोन्ही बिघडलेल्या आल्या की आजार. दर खेपेला चारात एक शक्यता. अशा काही बिघडलेल्या प्रती आपण सगळेच बाळगून असतो, यात दोष कुणाचाच नाही, हे मी आत्याबाईंकडे बघून दोनदा सांगितलं.

एसएमएला आता औषधं आहेत, पण बहुतेकांच्या किमती घरं विकूनही न पेलणाऱ्या. 2021च्या दुर्मीळ आजार धोरणानुसार मुंबईच्या केईएमसारख्या ठराविक केंद्रांतून 50 लाखांपर्यंत मदत मिळू शकते. जन्मभराच्या औषधाला ती पुरत नाही, हे मला टोचतं. त्या बाळाकडे तेवढा वेळही नव्हता.

शिक्षणाचं थोडक्यात: बालरोग, मेडिसिन किंवा स्त्रीरोगातलं पदव्युत्तर शिक्षण, मग नीट-एसएससारखी प्रवेशपरीक्षा, मग डीएम ही जेनेटिक्समधली पुढची पदवी. लखनौचं एसजीपीजीआय, दिल्लीचं एम्स ही जुनी ठिकाणं, जागा मोजक्याच. पुढे कुणी गर्भातल्या बाळांच्या तपासणीकडे वळतं, कुणी कॅन्सरकडे, जिथे पेशंटच्या बहिणी-मुलींनाही बोलवावं लागतं. कुणी लॅबमध्ये जनुकांतल्या हजारो बदलांतून आजाराला कारण ठरणारा नेमका एक शोधतं. तिथला सगळ्यात अवघड रिपोर्ट म्हणजे 'अर्थ अनिश्चित': बदल दिसतो, पण त्यानं आजार होतो की नाही ते सांगता येत नाही. त्या दोन शब्दांवर गर्भपाताचा निर्णय घ्यायला निघालेलं कुटुंब मी थांबवलं आहे. आणि गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी होते, हातात निकालाचं कार्ड येतं. पण लग्न ठरवताना त्या कार्डाचं काय करायचं, हे शेजारी बसून सांगणारी माणसं फार कमी आहेत. तुमच्यातल्या कुणी तिकडे जावं असं मला मनापासून वाटतं.

ते जोडपं तिसऱ्या खेपेला बाराव्या आठवड्यात आलं. वारेचा नमुना घेतला. पोटातल्या बाळासाठी कागदावर पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण काढतात. मुलगा की मुलगी ते आम्ही सांगत नाही, कायद्यानं सांगताही येत नाही. रिपोर्ट आला: एक प्रत चांगली, एक बिघडलेली. आईबापांसारखंच वाहक, आजार नाही.

आत्याबाई कागदावर वाकल्या. आधीच्या दोन तिरक्या रेघांवरून बोट फिरवत चौकटीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "तिसरं."