तौपोच्या खोल पाण्यात रेनबो ट्राउटमागे एक दिवस

न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या मध्यावर तौपो सरोवर आहे. क्षेत्रफळ ६१६ चौरस किलोमीटर आणि सगळ्यात खोल जागी तळ १८६ मीटरवर. सुमारे २५,५०० वर्षांपूर्वीच्या प्रचंड ज्वालामुखी उद्रेकानंतर जमीन खचली आणि तिथे हे पाणी साठलं. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी काठ सोडून थोडं आत गेलं की तळ एकदम सुटतो. फेब्रुवारीत, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, मी आणि माझी धाकटी बहीण तिथे रेनबो ट्राउटसाठी ट्रोलिंगला गेलो होतो. चालत्या बोटीमागे आमिष ओढत नेण्याचा हा प्रकार वरवर सोपा दिसतो. पुढे जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितोय. त्यातही एक गोष्ट ठासून सांगायची आहे: खोल सरोवरात आमिषाचा रंग कोणता, यावर डोकं शिणवण्याआधी खोलीचा हिशेब लावा. मासा ज्या थरात आहे तिथे आमिष पोचलं नाही, तर जगातलं सर्वोत्तम आमिषही कामाचं नाही.

आधी परवान्याचं बघू. न्यूझीलंडच्या बाकी भागातला गोड्या पाण्यातल्या मासेमारीचा परवाना तौपोला चालत नाही. इथला परवाना वेगळा आहे आणि तो डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्व्हेशन देतं. १९२६ च्या कायद्यापासून इथली व्यवस्था निराळी आहे. सरोवराचा तळ न्गाती तूफारेतोआ या माओरी जमातीच्या मालकीचा आहे. आपण त्यांच्या घरी पाहुणे म्हणून जातोय, याचं भान असलेलं बरं. परवाना एका दिवसाचाही मिळतो आणि ऑनलाइन दोन मिनिटांत काढता येतो. बोट भाड्याची असो, स्किपर (बोट चालवणारा जाणकार) सोबत असो, गळ धरणाऱ्या प्रत्येकाकडे स्वतःचा परवाना हवा. एका माणसाला एकच रॉड. जिवंत किंवा मेलेलं आमिष लावायचं नाही, फक्त कृत्रिम. नदी-ओढ्यांच्या मुखांपाशी ठरावीक अंतरात केवळ फ्लाय फिशिंग (पिसं-दोऱ्यांच्या हलक्या आमिषाने, म्हणजे फ्लायने, केलेली मासेमारी) चालतं, तिथे ट्रोलिंग करत घुसू नका. किमान लांबी आणि दिवसाला किती मासे ठेवता येतील, हे नियम अधूनमधून बदलतात. मित्राने दोन वर्षांपूर्वी सांगितलेला आकडा धरून चालू नका, परवाना काढताना चालू हंगामाचे नियम वाचा. हंगाम १ जुलै ते ३० जून असा मोजतात आणि सरोवर बारा महिने खुलं असतं.

आम्ही उत्तरेकडच्या किनलॉकहून स्किपरसह बोट घेतली. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी स्किपर घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. बोट चालवता येते की नाही, हा मुद्दा नाही. डाउनरिगर (आमिष खोल नेणारी वजनाची चरखी), साउंडर (ध्वनिलहरींनी खोली आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) आणि बोटीचा वेग या तिन्हींवर एकाच वेळी लक्ष कसं ठेवायचं, हे शेजारी उभं राहून बघितल्याशिवाय कळत नाही. तौपो शहराच्या बाजूने निघालात, तर वाटेत माइन बे लागेल. तिथे कड्यावर १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोरलेलं माओरी शिल्प आहे. ते जरूर पाहा, पण तिथे पर्यटकांच्या बोटी आणि कयाक यांची गर्दी असते. दोर आधी गुंडाळून घ्या आणि मगच जवळ जा.

अंधुक उजेडात निघालो आणि पश्चिमेला कावाकावा बेकडे वळलो. किनाऱ्यापासून २०० मीटरच्या आत ५ नॉटची (ताशी सुमारे ९ किलोमीटर) वेगमर्यादा आहे, त्यामुळे सुरुवात संथच होते. या वेळी पाण्यावर वारा नव्हता. प्यूमिसच्या (ज्वालामुखीतून आलेल्या हलक्या, सच्छिद्र दगडाच्या) उथळ पट्ट्यावर लहान मासे पृष्ठभागाशी उड्या मारत होते. ते स्मेल्ट. ट्राउटला खायला मिळावं म्हणून १९३० च्या दशकात ते मुद्दाम या सरोवरात सोडले गेले. स्वतः रेनबो ट्राउटही इथला नाही. कॅलिफोर्नियातून आणलेल्या अंड्यांपासून देशात वाढवलेले मासे एकोणिसावं शतक संपता संपता इथे पोचले. आज ट्राउट स्मेल्टच्या मागे फिरतो आणि मासेमार ट्राउटच्या. म्हणून स्मेल्ट कुठे आहे हे कळलं की अर्धं काम झालं.

उजेड कमी असतो तोवर ट्राउट वर येऊन खातो. त्यामुळे पहिल्या तासाभरात डाउनरिगरला हातही लावायची गरज नव्हती. स्किपरने बोट अशी नेली की एका बाजूला पाण्याखालचा फिकट पट्टा दिसावा आणि दुसऱ्या बाजूला गडद निळा खोलावा. या कडेलाच ट्राउट गस्त घालतो. स्मेल्टसारखी दिसणारी फ्लाय बुडत्या दोरावर लावून, अगदी हळू, साधारण दीड नॉटने आम्ही ओढत होतो. इथे याला हार्लिंग म्हणतात. बहिणीला पहिला मासा याच पट्ट्यात लागला. लहान होता, पाण्यातच काटा काढून सोडून दिला.

सूर्य वर आला आणि वरचा थर शांत झाला. खरी गंमत इथून सुरू होते. उन्हाळ्यात तौपोचं वरचं पाणी २० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं. रेनबो ट्राउटला मानवतं साधारण १२ ते १६ अंशांचं. वरचा उबदार थर आणि खालचं गार पाणी यांच्या मधे एक पट्टा असतो, जिथे थोड्याच मीटरांत तापमान झपाट्याने उतरतं. त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. उन्हाळा पुढे सरकतो तसा हा पट्टा खाली जातो. हिवाळ्यात सगळं पाणी एकमेकांत मिसळतं आणि तो मोडतो. म्हणजे डिसेंबरात ज्या खोलीवर मासे लागले, तीच खोली फेब्रुवारीत धरून बसण्यात अर्थ नाही.

हा पट्टा शोधायचा कसा? साउंडरची संवेदनशीलता थोडी वाढवली की पडद्यावर धुरकट आडवी पट्टी दिसते, कारण बारीक जीव तिथे साचलेले असतात. आमच्या पडद्यावर ती २८ मीटरच्या आसपास होती आणि मासे दाखवणाऱ्या कमानी तिच्या किंचित वर उमटत होत्या. मी आमिषांची पेटी उघडून रंग निवडत बसलो होतो. ते पाहून स्किपर म्हणाले, “रंग नंतर. आधी मला खोली सांगा.” मी २५ म्हणालो, त्यांनी मान डोलावली. मासा वरचं पटकन पाहतो आणि वर येऊन घेतो. त्याच्याखालून गेलेल्या आमिषाकडे तो सहसा वळत नाही. त्यामुळे मासे दिसतात त्या पातळीच्या दोन-तीन मीटर वर आमिष ठेवा.

आता डाउनरिगर. बोटीच्या मागच्या बाजूला एक छोटी चरखी, तिच्यावर तार आणि तारेच्या टोकाला चार-पाच किलोचं वजन. रॉडचा दोर वजनाजवळच्या क्लिपमध्ये अडकवतात आणि वजन हव्या त्या खोलीवर सोडतात. मासा लागला की दोर क्लिपमधून सुटतो आणि मग त्याच्याशी झुंज थेट रॉडवर, मधे वजनाचं ओझं नाही. क्लिपपासून आमिषापर्यंत आम्ही १५ मीटरच्या आसपास दोर ठेवला होता. पाणी काचेसारखं स्वच्छ असल्यामुळे आमिष वजनाच्या फार जवळ नको.

एक बारकावा लक्षात ठेवा. चरखीवरचा आकडा सोडलेली तार मोजतो, खोली नव्हे. बोट चालू असताना तार मागे कलते, म्हणून ३० मीटर तार सोडली तरी वजन त्याहून वर असतं. वेग जितका जास्त, तितका हा फरक मोठा. वजन साउंडरच्या झोतात येत असेल तर पडद्यावर त्याची सलग रेघ दिसते. आकड्यावर विसंबू नका, रेघ बघा.

डाउनरिगर नसेल तर लेडलाइन वापरा. ही शिशाचा गाभा असलेली विणलेली दोरी. दर दहा यार्डांना तिचा रंग बदलतो आणि सगळे मासेमार खोली रंगांतच सांगतात: “आज सात रंगांवर लागले.” दोन नॉटच्या आसपास एक रंग ढोबळमानाने दीड मीटर खाली नेतो. म्हणजे दहा रंग सोडूनही जेमतेम १५ मीटर. डिसेंबरपर्यंत ते पुरतं, भर उन्हाळ्याच्या शेवटी नाही.

वेगाबद्दल. ‘टास्मेनियन डेव्हिल’ नावाच्या आमिषासारखं पंखांचं आमिष दोन नॉटच्या आसपास बरोबर चालतं. पण जीपीएसवरचा वेग हा जमिनीच्या हिशेबाने असतो. खाली पाणी कुठल्या दिशेने सरकतंय, ते त्याला कळत नाही. म्हणून प्रत्येक आमिष सोडण्याआधी बोटीच्या कडेला हातभर पाण्यात धरून बघायचं. ते डावी-उजवीकडे डुलत असेल तर ठीक. गरागरा फिरत असेल तर वेग जास्त आहे किंवा आमिष वाकलंय, आणि फिरलं की दोराला पीळ बसलाच. दुसरी युक्ती मला फार आवडली. सरळ रेषेत जाऊ नका, लांबट नागमोडी वळणं घ्या. वळताना बाहेरच्या बाजूचं आमिष वेग घेतं आणि आतलं मंदावतं. मासा बाहेरच्या रॉडला लागला तर सगळाच वेग जरा वाढवून बघा, आतल्या रॉडला लागला तर कमी करा. आमचे मासे आतल्या रॉडला लागत गेले, म्हणून बोट दीड-पावणेदोन नॉटवर आणली आणि त्यानंतर कामाला गती आली.

डाउनरिगरवरचा मासा ओळखायची खूण आधीच मनात पक्की करा. दोर ताणून क्लिपला लावलेला असतो, त्यामुळे रॉड धनुष्यासारखा वाकलेला असतो. मासा लागला की तो आणखी वाकत नाही, उलट टोक झटकन सरळ होतं आणि दोर सैल पडतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, मासा सुटला. “दादा, गुंडाळ, गुंडाळ!” बहीण ओरडली ते याच क्षणी. रॉड हातात घेऊन वेगाने सैल दोर गुंडाळायचा, वजन जाणवलं की मगच रॉड उचलायचा. हिसका नको. बोट बंद करायची नाही, अगदी मंद पुढे चालू ठेवायची म्हणजे दोर ताठ राहतो. दुसऱ्याने तेवढ्यात उरलेला रॉड आणि डाउनरिगरची वजनं वर घ्यायची, नाहीतर मासा तारेभोवती फेरी मारून दोर तोडतो. रेनबो पृष्ठभागाशी आला की हवेत उडी घेतो. त्या वेळी रॉडचं टोक खाली न्या.

हा मासा ठेवायचा ठरवला. जाळीत घेतल्याबरोबर डोक्यावर एक नेमका घाव घातला आणि कल्ले कापून रक्त वाहू दिलं. बोटीवर तडफडत ठेवण्यात क्रूरता आहे आणि मांसाचाही सत्यानाश. पाठ गडद हिरवट, कुशीवर फिकट गुलाबी पट्टा, बाकी अंग चांदीसारखं. पोट चिरलं तर आत बोटभर लांबीचे अर्धवट पचलेले स्मेल्ट एकाच दिशेला डोकी करून लागलेले, आणि मांस भगवं. ठेवलेल्या पहिल्या माशाचं पोट लगेच उघडून बघा. तो काय खात होता ते कळतं आणि त्याच आकाराचं आमिष पुढे लावता येतं. आम्ही मोठं आमिष काढून लहान लावलं.

सोडून द्यायचे मासे पाण्याबाहेर काढूच नका. ट्राउटच्या हवेच्या पिशवीला घशाशी जोडणारी नळी असते. त्यामुळे खोलातून वर येताना तो हवा सोडू शकतो आणि बऱ्याच समुद्री माशांसारखा फुगून वर तरंगत राहत नाही. पण उन्हाळ्यात वरचं पाणी त्याला उबदार असतं आणि दमलेल्या माशाला तेच बाधतं. हात ओले, काटा शक्यतो पाण्यातच काढायचा, फोटो असल्यास एकच. हिवाळ्यानंतरच्या महिन्यांत विणीहून परतलेले काळपट, सुकलेले मासे लागतात. ते खायलाही चांगले नसतात, त्यांना सोडून द्या.

दुपारी वारा पडेल या आशेवर राहू नका. उन्हाळ्यात तो दुपारीच वाढतो आणि एवढ्या मोठ्या उघड्या पाण्यावर लाटा आखूड, उभ्या आणि लवकर उठतात. पश्चिमेच्या उपसागरांत कडे थेट पाण्यात उतरतात, रस्ता नाही आणि मोबाइलचा भरवसा नाही. लाइफजॅकेट घातलेलं, व्हीएचएफ रेडिओ चालू आणि परतीची वेळ किनाऱ्यावर कुणाला तरी सांगितलेली, इतकं तरी हवंच. आम्ही पाण्यावर पांढरे फेस दिसू लागताच दोर गुंडाळले. साउंडरवर तेव्हाही मासे दिसत होते, तरी परत फिरणंच बरोबर होतं. सकाळी लवकर निघण्याचं हे आणखी एक कारण.

एखाद्या जागी मासे दाटून दिसत असतील आणि वारा नसेल, तर इंजिन बंद करून जिगिंगही करता येतं. दोर सरळ खाली सोडायचा आणि बारीक फ्लाय वरखाली हलवायच्या. लहान मुलं बरोबर असतील तर मी तेच सुचवेन, कारण रॉड सतत हातात राहतो. मला स्वतःला ट्रोलिंग आवडतं. त्यात अख्खं सरोवर वाचावं लागतं.

स्वतःची बोट नेणार असाल तर बोट, ट्रेलर, नांगर, दोर सगळं तपासून, धुऊन, वाळवून न्या आणि तिथून निघतानाही तेच करा. २०२३ मध्ये याच सरोवरातून निघणाऱ्या वायकातो नदीत, बरंच खाली, परका गोल्ड क्लॅम शिंपला सापडला. त्याची पिल्लं डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक असतात आणि बोटीत साचलेल्या पाण्यातून प्रवास करतात. त्या नदीत फिरलेली बोट घेऊन येणार असाल तर लागू असलेले निर्बंध आधी पाहून घ्या.

न्यूझीलंडमध्ये ट्राउट विकायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे दुकानात किंवा मेन्यूवर तो मिळत नाही. खायचा तर स्वतः पकडायचा किंवा कुणी भेट द्यायला हवा. बर्फाची पेटी बोटीवर घेऊनच जा. काही रेस्टॉरंट तुम्ही आणलेला मासा शिजवून देतात, पण आदल्या दिवशी फोन करून विचारा आणि मासा साफ करून न्या. राहण्याच्या जागी धुरी देण्याची पेटी असेल तर आणखी उत्तम. मासा पाठीतून उघडून मीठ आणि ब्राउन शुगर चोळायची, काही तास गार ठेवायचा, पृष्ठभाग कोरडा करायचा आणि मग मंद धुरीवर.