तुम्ही विचारलंत म्हणून: स्पेक्ट्रमचे खेळ आजच्या पीसीवर

‘इम्युलेटर टाकला, खेळाची फाइलही मिळाली, पण एकतर खेळ सुरूच होत नाही, नाहीतर धक्के खात चालतो. असं का?’ जुन्या घरगुती संगणकांचा विषय निघाला की हे हमखास विचारलं जातं. बहुतेक वेळा कारण एकच असतं. इम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम. त्याने नेमकं कुठलं यंत्र व्हायचं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

सुरुवात झेडएक्स स्पेक्ट्रमपासून करा. १९८२ साली ब्रिटनमध्ये आलेलं हे यंत्र आपल्याकडेही ‘डीबी स्पेक्ट्रम’ नावाने मिळायचं. त्याच्यासाठी ‘फ्यूज’ हा इम्युलेटर फुकट आहे आणि विंडोज, लिनक्स दोन्हींवर चालतो. एफ९ दाबलं की यंत्रांची यादी येते. पहिल्या चार-पाच वर्षांतले बहुतेक खेळ ४८के (४८ किलोबाइट मेमरीच्या) यंत्रासाठी लिहिलेले आहेत आणि त्यातले काही १२८के वर अडकतात. उलट, एवाय-३-८९१२ या चिपचं संगीत फक्त १२८के वरच वाजतं. म्हणून आधी ४८के, आणि फाइलच्या नावात १२८ असेल तर १२८के.

एफ३ ने फाइल उघडली की खेळ सहसा आपोआप सुरू होतो. हाताने लोड करायचा असेल तर ‘एल’पासून टंकायला लागू नका, पडद्यावर ‘लेट’ उमटेल! ४८के मध्ये आख्खा शब्द एका कळीवर असतो. ‘जे’ दाबा, ‘लोड’ येईल. मग कंट्रोल धरून ‘पी’ दोनदा दाबा, दोन अवतरणचिन्हं येतील. एंटर करा आणि एफ८ ने कॅसेट चालू करा (मूळ खेळ कॅसेटवर यायचे, फाइल म्हणजे तिचीच नक्कल). पडद्याच्या कडेला आधी लाल-निळसर जाड पट्टे, मग निळे-पिवळे बारीक पट्टे पळू लागले म्हणजे सगळं ठीक चाललंय. मूळ वेगाने ४८के भरायला पाचेक मिनिटं लागतात. एकदा तरी ती लागू द्या, नंतर खुशाल जलद लोडिंग वापरा.

‘आर टेप लोडिंग एरर’ आला तर फाइलचा प्रकार बघा. टॅप फाइलमध्ये नुसते बाइट असतात. स्पीडलॉकसारख्या कॉपी-संरक्षणाला मात्र सिग्नलची नेमकी लांबी लागते, आणि ती टीझेडएक्स फाइलमध्ये नोंदवलेली असते. तोच खेळ टीझेडएक्समध्ये मिळवा. झेड८० किंवा एसएनए फाइल म्हणजे चालू यंत्राच्या मेमरीचा फोटो. तिथे लोडिंगचा प्रश्नच नाही.

आता धक्के. स्पेक्ट्रम सेकंदाला ५० चित्रं काढतो, कारण तो ‘पाल’ या प्रसारण-पद्धतीच्या टीव्हीसाठी बनला. आपले जुने टीव्हीही ५० हर्ट्झचेच होते. आजचा मॉनिटर सहसा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांचा. ५० चित्रं ६० वेळा दाखवायची म्हणजे दर पाचातलं एक दोनदा दिसणार, आणि सरकणारी पार्श्वभूमी अडखळणार. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये जाऊन ५० किंवा १०० हर्ट्झ मिळतं का पाहा. बऱ्याच मॉनिटरवर मिळतं, लॅपटॉपच्या पडद्यावर क्वचित. यंत्राचा खरा वेग ५०.०८ हर्ट्झ आहे, त्यामुळे दर बारा-तेरा सेकंदांनी एखादं चित्र गळेल. डोळ्यांना कळत नाही. आवाज चित्रापेक्षा उशिरा येत असेल तर ब्लूटूथ हेडफोन काढून वायरवाला लावा. आणि खेळातला माणूस झाडामागून जाताना हिरवा झाला तर काही बिघडलेलं नाही. ८ बाय ८ ठिपक्यांच्या एका चौकोनात दोनच रंग मावतात.

क्यू, ए, ओ, पी आणि स्पेस या नेहमीच्या कळा. स्वस्त कीबोर्ड तीन कळा एकदम दाबल्या की एखादी गिळतो, मग तिरकी उडी बसत नाही. लॅमिंग्टन रोडवरून साधा यूएसबी गेमपॅड आणा, फ्यूजमध्ये ‘केम्पस्टन’ (जॉयस्टिकचा एक प्रकार) निवडा आणि खेळाच्या मेनूतही तेच निवडा. दुसरी पायरी हटकून विसरली जाते.

कमोडोर ६४ या दुसऱ्या जुन्या संगणकासाठी ‘व्हाइस’ हा इम्युलेटर घ्या, यंत्र पाल ठेवा, जॉयस्टिक पोर्ट २ वर लावा. डिस्कवरचा खेळ मध्येच थांबला तर ‘ट्रू ड्राइव्ह इम्युलेशन’ चालू करा. अमिगा या संगणकाचं थोडं खर्चिक आहे, त्याचा किकस्टार्ट रॉम (यंत्रातच भरलेला मूळ प्रोग्रॅम) विकत घ्यावा लागतो. स्पेक्ट्रमचा रॉम इम्युलेटरसोबत द्यायला, स्पेक्ट्रमचे हक्क विकत घेतलेल्या अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीने परवानगी दिलेली आहे. खेळांचे हक्क मात्र अजून जिवंत आहेत, जुनं म्हणजे फुकट असं कायदा म्हणत नाही.

माळ्यावर स्वतःच्या कॅसेट असतील तर आधी त्या उजेडात धरा. मुंबईच्या पावसाळ्यात टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट डेकमध्ये घातली तर हेड बरबटतं आणि पुढच्या कॅसेटलाही लागण होते. स्वच्छ कॅसेट असेल तर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, डेकवरचं डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) बंद करा आणि ४४.१ किलोहर्ट्झ, मोनो, वेव्ह फाइलमध्ये रेकॉर्ड करा. एमपी३ नको, त्यात सिग्नलच्या कडा बोथट होतात. मग फ्यूजसोबतच्या साधनांतलं ‘ऑडिओ२टेप’ ती फाइल कॅसेट-फाइलमध्ये बदलून देतं. तरीही एरर आला तर हेडशेजारचा छोटा स्क्रू किंचित फिरवा, आवाज सर्वांत कर्कश लागेल तिथे थांबा आणि पुन्हा रेकॉर्ड करा.