पेटीतलं भूत: एक हवं होतं, दोन दिसतात

रिकाम्या खुर्चीत बाहुलीचं भूत दाखवणारी टेबलावरची जादूची पेटी मी करतेय. तिच्या डिमरचं, म्हणजे दिव्याचा उजेड कमीजास्त करणाऱ्या यंत्रणेचं, काम एकदाचं मार्गी लागलं आणि त्यानेच नवं दुखणं उघडं पाडलं. आधी डिमरबद्दल, कारण त्याचा आनंद अजून ओसरलेला नाही.

रिकामी खुर्ची ते खुर्चीत बसलेली बाई, हा बदल आता कुठेही न अडखळता होतो. एलईडीला निम्मी वीज दिली तरी डोळ्याला उजेड निम्मा वाटत नाही, बराच जास्त वाटतो. त्यामुळे वीज सरळ रेषेत वाढवली की बाहुली पहिल्याच क्षणी टपकन उगवायची आणि उरलेला वेळ काही घडतच नाही असं वाटायचं. आता २.२ घाताचा वक्र टाकलाय, म्हणजे वीज आधी हळू आणि मग झपाट्याने वाढते, आणि उजेडाच्या पायऱ्या २५६ वरून ४०९६ केल्यात, कारण अगदी मंद उजेडात २५६ पायऱ्यांचे टप्पे सरळ दिसतात. पीडब्ल्यूएमची, म्हणजे दिवा झपाट्याने चालू-बंद करून उजेड ठरवण्याची, वारंवारता वाढवल्यावर मोबाइलच्या कॅमेऱ्यात येणारे पट्टेही गेले. अंधारातून आधी कपाळ वर येतं, मग गालाचं हाड, मग नाकाची कड, आणि डोळे सगळ्यात शेवटी. हे पाहत मी कितीतरी वेळ नुसती बसून राहिले होते.

डोळे उजेडात आले तेव्हा लक्षात आलं की ते चार आहेत.

पेटीची रचना अशी: समोर खुर्ची, बाजूला लपता कप्पा, त्यात बाहुली, आणि मध्ये ४५ अंशांत उभी काच. साधा पेपर्स घोस्ट: काचेतून पलीकडची खुर्ची दिसते आणि काचेवरचं बाहुलीचं प्रतिबिंब त्या खुर्चीत बसल्यासारखं वाटतं. काचेला दोन पृष्ठभाग असतात आणि दोन्हींवरून परावर्तन होतं. ४५ अंशांत साधी काच एका पृष्ठभागावरून साधारण ५ टक्के उजेड परत पाठवते, आणि मागचा पृष्ठभागही जवळपास तेवढाच. म्हणजे दुसरी प्रतिमा पहिलीची फिकट सावली नसते, तिच्याच तोडीची असते. डिमर धड चालत नव्हता तोवर सगळाच चेहरा धूसर होता, म्हणून हे झाकलं गेलं होतं. आता नाकाशेजारी दुसरं नाक स्वच्छ दिसतं.

दोन प्रतिमांमधलं अंतर मांडून पाहिलं. ४५ अंशांत ते काचेच्या जाडीच्या साधारण पाऊणपट येतं, नेमकं सांगायचं तर ०.७४ पट. माझी काच ५ मिमीची, म्हणजे प्रतिमा ३.७ मिमी सरकते. बाहुलीचा डोळाच जेमतेम तेवढा आहे. बाहुली काचेपासून अर्ध्या मीटरवर आणि प्रेक्षक काचेपासून एका मीटरवर धरला, तर हे अंतर नजरेला सुमारे साडेआठ कोनीय मिनिटांचं पडतं (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). चांगली नजर एका मिनिटाचा फरक ओळखते. लपणार कुठून?

मोठ्या रंगमंचावर हीच गोष्ट कुणाला का खुपत नाही, तेही या आकड्यांतच आहे. काच ६ मिमी आणि एकूण अंतर १५ मीटर धरा. प्रतिमा साडेचार मिमी सरकते, पण कोन जेमतेम एक मिनिटाचा होतो, अगदी नजरेच्या सीमेवर. जॉन हेन्री पेपर यांनी २४ डिसेंबर १८६२ रोजी लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये हे भूत पहिल्यांदा रंगमंचावर आणलं तेव्हा अंतराने त्यांचं काम सोपं केलं होतं. आपण टेबलावरच्या पेट्या करणारे प्रेक्षकाला नाकासमोर बसवतो, त्यामुळे त्यांना न छळलेला प्रश्न आपल्या वाट्याला येतो.

मग उपायांच्या मागे लागले. फोटोफ्रेमची २ मिमीची काच लावली, तर सरक दीड मिमीवर आली. बरंच बरं दिसतं, पण साडेतीन मिनिटांचा कोन उरतोच, आणि एवढी मोठी पातळ काच हाताळताना जीव मुठीत धरावा लागतो. अ‍ॅक्रिलिकची शिफारस बरेच जण करतात, मी करणार नाही. उभी केली की ती स्वतःच्या वजनाने जराशी पोक काढते आणि बाहुलीचा जबडा ताणल्यासारखा दिसतो. त्यात पुसताना ओरखडे आणि स्थिर विजेने चिकटलेली धूळ. ध्रुवीकरणाची, म्हणजे एकाच दिशेने कंपणारा उजेड जाऊ देणारी, पट्टी लावून मागचं परावर्तन मारता येईल असंही डोक्यात आलं होतं, पण गणित आडवं आलं. समांतर पृष्ठभागांत ब्रूस्टरच्या कोनाला, म्हणजे ज्या कोनात एका दिशेने कंपणारा उजेड परावर्तितच होत नाही तिथे, पहिलं परावर्तन जातं तेव्हा दुसरंही जातं. भूतच नाहीसं होतं.

फिल्मने मात्र चकित केलं. ५० मायक्रॉनची पारदर्शक पॉलिएस्टर फिल्म चौकटीवर ताणली आणि दुसरी प्रतिमा गेली. म्हणजे असते तिथेच, पण चार शतांश मिमीची सरक कोणाला दिसणार! आजकाल मोठ्या कार्यक्रमांत, २०१२ च्या अमेरिकेतल्या कोचेला संगीत महोत्सवात दिवंगत रॅपर टुपॅक मंचावर गाताना दिसला त्यातही, ताणलेली फिल्मच असते. लोक त्याला होलोग्राम म्हणतात, पण आत आपलंच जुनं तंत्र आहे. माझा अडथळा ताणाचा आहे. चारही कडांना सारखा ताण बसत नाही, कोपऱ्यात तिरकी सुरकुती येते आणि चेहरा तिथून गेला की गाल मुडपतो. शिवाय कोणी जवळून चालत गेलं तरी हवेने फिल्म थरथरते आणि बाई थंडीने कुडकुडल्यासारखी हलते.

तेवढ्यात टेलिप्रॉम्प्टरच्या, म्हणजे कॅमेऱ्यासमोर बोलणाऱ्याला मजकूर दाखवणाऱ्या यंत्राच्या, काचेचा छोटा तुकडा हाती लागला, ७०/३० चा: ७० टक्के उजेड आरपार, ३० टक्के परत. एका बाजूला ३० टक्के परावर्तन देणारा थर, दुसऱ्या बाजूला परावर्तन मारणारा. पुरवठादाराने थराची बाजू कोणती यावर खूण केलेली नव्हती, विचारल्यावर उत्तरही आलं नाही. ते तुमचं तुम्हीच ओळखा: नखाचं टोक काचेला टेकवा. नख आणि त्याचं ठळक प्रतिबिंब एकमेकांना भिडलं तर थर त्या बाजूला, मध्ये फट दिसली तर पलीकडे. थराची बाजू बाहुलीकडे ठेवली आणि पाहिलं. एक नाक. दोन डोळे. पापणीचा रंगवलेला केसन्केस सुटा दिसत होता! दुसरी प्रतिमा पहिलीच्या शंभराव्या हिश्शाएवढीही उजळ नसावी. ऑप्टिक्सवाल्यांकडच्या बीमस्प्लिटरपेक्षा (उजेड दोन वाटांनी विभागणारी काच) प्रॉम्प्टरची काच आकाराच्या मानाने कितीतरी परवडते, हे माझं ठाम मत झालंय.

एक गोष्ट मात्र सांभाळा. परावर्तन एकूण १० टक्क्यांवरून ३० वर गेलं की लपत्या कप्प्यातली प्रत्येक गोष्ट तिप्पट उजळ दिसते. मखमलीवरचा धागा, दिव्याच्या पट्टीची कड, सगळं खुर्चीभोवती तरंगायला लागतं. दिवा मंद केला की बाहुलीचा उजेड जागेवर येतो, पण मखमल ब्रशने झाडावीच लागते.

इथवर लिहिलं ते नुसतं काचेचं झालं. पण या वेळी नोंद लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. ५ मिमीची काच लावलेली असतानाच घरी आलेल्या काही जणांना पेटी दाखवली होती. खेळ संपल्यावर एक काकू मागे रेंगाळल्या. म्हणाल्या, “पुढे बसलेली ती तुझी बाहुली, ते कळलं गं. पण तिच्या मागे दुसरी कोण होती?”

मी म्हणाले, “काकू, दुसरी कोणी नाही. काचेच्या मागच्या बाजूने तीच पुन्हा दिसते.”

“असेल. पण मला ती वेगळी वाटली.” मग आवाज खाली आणून, “गेलेलं माणूस यात दिसू शकतं का? खरं सांग.”

ज्या सरकीवर मी इतकं डोकं फोडत होते, नेमकी तीच त्यांना पटली होती. बाहुली त्यांनी करामत म्हणून सहज मान्य केली, आणि काचेचा दोष अलौकिक ठरला. खेळातली जी गोष्ट जादूगाराने हेतूने केलेली वाटत नाही तीच लोकांना खरी वाटते, हे मला तेव्हा फार जवळून दिसलं.

हे सांगितल्यावर आपल्यातल्या दोघांनी सल्ला दिला की दुसरी प्रतिमा राहू दे, परिणाम वाढतोय. मला ते मान्य नाही, आणि कारण नुसतं नीटनेटकेपणाचं नाही. पेपर यांनी भूत दाखवलं ते विज्ञान शिकवणाऱ्या संस्थेत, प्रकाशाचा खेळ म्हणून. मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची होती आणि ती आधी कागदावरच मांडली गेली होती. त्याच दशकात, १८६४ साली, डेव्हनपोर्ट बंधू इंग्लंडात आले. दोरखंडाने बांधलेले दोघे कपाटात बसायचे, दार बंद झालं की आत वाद्यं वाजायची, आणि हे आत्म्यांचं काम म्हणून मांडलं जायचं. पुढच्याच वर्षी जॉन नेव्हिल मॅस्केलाइन या इंग्रज जादूगाराने चेल्टनहॅममध्ये तसाच प्रयोग आत्म्यांविना, नुसत्या कौशल्यावर करून दाखवला. दोन्हीकडे प्रेक्षक थक्कच झाले होते. फरक होता तो घरी काय घेऊन गेले त्यात. डेव्हनपोर्टांच्या खेळाहून परतणारा माणूस आपल्या मेलेल्या नातेवाइकाची आशा घेऊन जात होता, आणि ती आशा खोटी होती.

रोबेअर-उदँ यांचं उदाहरण मला याहून अवघड जातं. आधुनिक जादूचा जनक म्हणून आपण सगळे त्यांना मानतो. १८५६ साली फ्रेंच सरकारने त्यांना अल्जीरियाला पाठवलं, तिथल्या मराबूतांचा, म्हणजे धार्मिक गुरूंचा, लोकांवरचा प्रभाव मोडायला. त्यांनी एक हलकी पेटी मंचावर ठेवली, धडधाकट माणसाला ती उचलायला लावली, मग त्याची ताकद काढून घेतल्याचं सांगितलं, आणि त्याला ती तसूभरही हलवता येईना. मंचाखाली विद्युतचुंबक होता. यंत्र म्हणून ते अप्रतिम आहे, आणि तरी ही गोष्ट वाचताना मला प्रत्येक वेळी अस्वस्थ वाटतं. समोरच्याला माहीत नसलेलं विज्ञान शक्ती म्हणून विकलं गेलं, तेही सत्तेच्या कामासाठी. एका मराबूतावरचा विश्वास काढून दुसरा त्या जागी बसवला, एवढंच झालं.

रंगमंचावरच्या जादूत अलौकिक काही असतं का, हा प्रश्न मला आता पेटी बघणारा जवळजवळ प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या रूपात विचारतो. माझं उत्तर स्वच्छ आहे: नसतं. जेम्स रँडी यांनी १९६४ साली अलौकिक शक्ती सिद्ध करणाऱ्याला बक्षीस लावलं. ते वाढत दहा लाख डॉलरपर्यंत गेलं आणि २०१५ मध्ये ते आव्हान थांबलं तोवर कोणालाही जिंकता आलं नाही. रँडी स्वतः जादूगार होते, म्हणूनच चाचणीत कुठे बघायचं ते त्यांना कळत होतं. शास्त्रज्ञाला निसर्ग फसवत नाही, त्यामुळे फसवणाऱ्याकडे कुठून बघायचं याचा सराव त्याला नसतो. आपल्याला असतो.

काकूंना मी नुसतं सांगितलं नाही. कप्प्याची मखमल बाजूला केली, बाहुली काढली आणि त्यांना हात आत घालायला सांगितलं. खुर्चीवर त्यांचाच तळहात हवेत उमटला, बांगड्यांसकट, आणि शेजारी ३.७ मिमी सरकलेला दुसरा. त्यांनी बोटं हलवली. दोन्ही हातांची बोटं एकदम हलली. मग अंगठी फिरवून पाहिली, मूठ मिटली, उघडली. “अगं, ही मीच!” म्हणाल्या, आणि पुढे बराच वेळ हात काही बाहेर काढेनात. खेळ चालू असताना दिसला नव्हता एवढा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता.

हे लिहितानाच ठरतंय, तर लिहूनच टाकते: शेवट बदलायचा. बाई हळूहळू विरून जाते आणि अंधार होतो, हा ठरलेला शेवट काढून टाकते. त्याऐवजी बाई विरली की प्रेक्षकांतल्या एकाला बोलवायचं, बाजूच्या फटीतून हात आत घालायला लावायचा, आणि खुर्चीत त्याचाच हात आणायचा. रहस्य फोडतेस म्हणून कोणी रागावेल. पण दीडशे वर्षांहून जुनं, शाळेच्या प्रकल्पांत केलं जाणारं तंत्र आहे हे. पत्त्यांचे माझे फोर्स, म्हणजे प्रेक्षकाला मला हवं तेच पान उचलायला लावायच्या युक्त्या, मी असे उघडे करणार नाही.

या शेवटासाठी काच एकच प्रतिमा देणारी हवी, नाहीतर हात दोन दिसतात आणि पुन्हा काकूंचाच प्रश्न येतो. मोठी प्रॉम्प्टर काच मिळेपर्यंत एक वेगळी कल्पना डोक्यात घोळतेय. मोटारीच्या काचेवर वेग दाखवणारे हेड-अप डिस्प्ले असतात, त्यांच्या काचेतला मधला थर पाचरीसारखा असतो, म्हणजे दोन्ही प्रतिमा एकमेकींवर येतात. २ मिमीच्या दोन काचा, एका उभ्या कडेला पातळ पट्टी, आणि मध्ये ग्लिसरीन, ज्याचा अपवर्तनांक काचेच्या जवळ जातो. बाहुली ६० सेंमीवर आणि काच ६० सेंमी रुंद धरली तर दोन कडांच्या जाडीत साधारण १ मिमीचा फरक पुरतो असं गणित सांगतं. पण पाचर एका अंतरालाच नेमकी बसते. बाहुलीसाठी जुळवली तर पुढे आलेला हात पुन्हा फाटणार. शिवाय ग्लिसरीन गळालं तर मखमलीचं वाटोळं. नाही, हातासाठी ही कामाची नाही. नुसत्या बाहुलीच्या पेटीसाठी कोणाला करून बघायची असेल तर मला फोटो हवेत.

म्हणजे आता प्रॉम्प्टर काच किंवा फिल्म. फिल्मसाठी चौकट नवीन करतेय: कडा गोल घासलेल्या, दुहेरी टेप, आणि ताण आल्यावर हेअर ड्रायरने हलकी ऊब, म्हणजे सुरकुत्या ओढल्या जातील. थरथर थांबवायला समोर पडदा लावून हवेचा झोत अडवेन. दरम्यान हाताची फट कापून घेते, आतून मखमलीच्या दोन झडपा आणि हात ठरलेल्या जागीच थांबावा म्हणून आडवी लाकडी दांडी. झडपांना मखमलीऐवजी फ्लॉक कागद (मखमलीसारखी लव असलेला) लावला तर दिव्याच्या उष्णतेने त्याचा गोंद सुटतो का, हे कोणाला अनुभवाने माहीत असेल तर कापायच्या आधी सांगा.