पोत्यात काय आहे

दुपारी शोधत होतो वेगळंच, आणि समोर आलं इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाच्या पार्लमेंटचं जुनं चित्र. वर मधोमध राजा, दोन्ही अंगांना बाकांवर बिशप आणि सरदार ओळीने बसलेले. आणि मधल्या मोकळ्या जागेत चक्क पोती. त्यांच्यावर न्यायाधीश. एवढा थाटाचा दरबार, आणि बसायला पोती!

पोती लोकरीची. तेव्हा इंग्लंडची सगळी श्रीमंती मेंढरांच्या पाठीवर होती, ती डोळ्यांसमोर राहावी म्हणून सभेत आणून ठेवली म्हणे. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तिथल्या पार्लमेंटच्या वरच्या सभागृहात, असलं एक तांबडं पोतं अजून आहे. त्यावर सभेचे अध्यक्ष म्हणून आधी लॉर्ड चॅन्सेलर बसायचे, २००६ पासून लॉर्ड स्पीकर बसतात. १९३८ साली ते पोतं उसवलं, तर आत लोकर नव्हतीच. घोड्याचे केस!

इथे मला आमचं अंगण दिसलं. दिवाळीआधी पिंजारी यायचा. खांद्यावर ती भलीमोठी धनुकली, आणि मग दुपारभर टण्ण टण्ण. आम्हा मुलांच्या केसांत, भुवयांवर कापूस. आजी ओट्यावर पाट टाकून बसायची, नजर पिंजाऱ्याच्या हातावर. एका वर्षी दुकानातून आयती घेतलेली गादी उसवायला काढली. वर बोटभर कापूस, खाली नुसता काथ्या, चिंध्या, आणि शर्टाची एक अख्खी बाही, मनगटाच्या बटणासकट. पिंजारी हसू दाबत म्हणाला, "आजी, बटण तरी चांगलं आहे." आजीने ते काढून डब्यात टाकलंही. बाही मात्र आल्यागेल्याला दाखवत राहिली. "नऊ वर्षं निजलो यावर!"

लॉर्ड लोकांनी पुढे राष्ट्रकुलातल्या देशोदेशींची लोकर आणून पोतं नव्याने भरलं. पाट टाकून कोण बसलं होतं कोण जाणे.

तर ते चित्र. तेही एडवर्डच्या काळातलं नाही, अडीचशे वर्षांनी, आठव्या हेन्रीच्या राज्यात काढलेलं. राजाच्या एका हाताला स्कॉटलंडचा राजा अलेक्झांडर बसवलाय, दुसऱ्या हाताला वेल्सचा राजपुत्र लवेलिन. हे तिघं असे पार्लमेंटात कधी एकत्र बसलेच नव्हते. आमच्याकडे आत्याच्या लग्नाचा ग्रुप फोटो आहे, त्यात कोपऱ्यात लंबगोलात मुंबईचे काका आहेत. काका रुसून लग्नाला आलेच नव्हते. फोटोवाल्याने नंतर चिकटवले. पाहुणे विचारायचे, हे असे ढगातून का बघतायत?

लवेलिनला लंबगोलही नाही. तो सरळ रांगेत, मानाच्या जागी. १२८२ साली एडवर्डच्या माणसांनी त्याला मारलं आणि मुंडकं लंडनला पाठवलं. ते टॉवरवर लावलं होतं.

चित्रात ते धडावर आहे.